भाड्याची गाडी न घेता पणजी: कमी खर्चात गोव्याची राजधानी पाहण्याची रीत

गोवा महाग झाला म्हणणाऱ्या माणसाला त्याच्या सहलीचा हिशेब उलगडून मांडायला सांगा. जेवणाचा आकडा फारसा टोचत नाही. टोचतात दोनच आकडे, टॅक्सीचा आणि किनाऱ्यालगतच्या खोलीचा. पणजीत किंवा फोंड्याच्या बाजूला मुक्काम ठेवला आणि कदंबच्या म्हणजे गोव्याच्या सरकारी बसने, फेरीबोटीने, पायी फिरलं तर हे दोन्ही आकडे निम्म्याखाली येतात. मी फोंड्याकडचा, नोकरी पणजीत, त्यामुळे या बसगाड्या माझ्या रोजच्याच. पुढे जे लिहिलंय ते त्याच अनुभवावरून.

एक अट मात्र आहे. स्वस्तात फिरायचं तर इथल्या घड्याळाशी जमवून घ्यावं लागतं. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद असतात. संध्याकाळी आठनंतर गावाकडच्या बसगाड्या विरळ होतात. रविवारी खासगी बस कमी आणि भाजीपावची जुनी हॉटेलं बरीचशी बंद. हे न जुळवणारा माणूस रात्री नऊ वाजता कुठेतरी अडकतो आणि टॅक्सीवाला सांगेल तो आकडा देतो. गोव्यातले निम्मे महागडे किस्से इथूनच निघतात.

कधी यायचं

डिसेंबरची २० तारीख ते जानेवारीचा पहिला आठवडा सोडून द्या. तीच खोली दुप्पट-तिप्पट दराने घेण्यात काही मजा नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो (२००४पासून तो पणजीत भरतो), तेव्हाही शहरातल्या खोल्या भरलेल्या असतात. बाकी वर्षभर एकच युक्ती पुरते: रविवारी संध्याकाळी या, गुरुवारी परता. शुक्रवार-शनिवारचा दर आणि मंगळवारचा दर यांत चांगलाच फरक असतो, आणि फोनवर तीन रात्रींचं एकदम विचारलं तर आणखी थोडं खाली येतं.

पावसाळा मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. खोल्या स्वस्त, शहर रिकामं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे सुरमई-पापलेटच्या आशेने आलात तर खिसा आणि जीभ दोन्हींची निराशा. आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या घाटकपारीत सावकाश धावतात. बदल्यात फुकटचे सोहळे मिळतात: २४ जूनला सांजांव म्हणजे सेंट जॉनचा सण, आषाढात माशेलच्या देवकीकृष्णाच्या पटांगणातला चिखलकालो म्हणजे चिखलातले खेळ, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावरचा बोंदेरा म्हणजे झेंड्यांचा उत्सव. चिखलकाल्याला पणजीहून बसने जाता येतं. जाताना जुने कपडे घाला, बघ्यांनाही सोडत नाहीत.

येणं: स्टेशन कुठलं धरायचं

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या किंवा दिवसाची मांडवी, स्लीपरचं तिकीट चार-पाचशे रुपयांत. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. सुट्ट्यांच्या दिवसांत पहिल्याच सकाळी बसा. दिवसाची गाडी घेतली तर कोकण बघायला मिळतं, रात्रीची घेतली तर एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचतात. कमी खर्चाचाच विचार असेल तर कोकणकन्या.

आता खरा प्रश्न उतरायचं कुठे. नकाशा बघून लोक करमळीचं तिकीट काढतात, कारण ते पणजीला सगळ्यांत जवळ. पण करमळी स्टेशनाच्या दारात बस उभी नसते, रिक्षा-टॅक्सीच असते, आणि जवळचं स्टेशन महागात पडतं. पिशवी हलकी असेल तर थिवीला उतरा, बाहेर रस्त्यावरून म्हापशाची बस पकडा, म्हापशाहून पणजीची शटल. सामान जास्त किंवा घरची वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर मडगाव बरं. तिथे स्टेशनापासून कदंब बसस्थानकापर्यंत रिक्षा करावी लागते, पण पुढे पणजीची शटल दिवसभर सुटत असते. माणशी खर्च शंभरीच्या आत बसतो.

कोल्हापूर, सांगली, सावंतवाडीकडून येणाऱ्यांसाठी एसटी आणि कदंब दोन्ही आहेत. महिलांना एसटीत मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच चालते, तसंच ज्येष्ठांच्या सवलतीचं. म्हणजे सावंतवाडी किंवा बांद्यापर्यंत सवलत, पुढे पूर्ण भाडं. हिशेब करताना हे धरा, नाहीतर कंडक्टरशी वाद ठरलेला.

विमानाचं तिकीट स्वस्तात मिळालं असेल तर ते दाबोळीचं आहे की मोपाचं हे आधी बघा. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३मध्ये सुरू झाला. तो पार पेडण्यात, म्हणजे पणजीपासून दाबोळीपेक्षा लांब. दोन्हीकडून कदंबची बस आहे. रात्री उशिराचं विमान असेल तर तिकिटात वाचवलेले पैसे टॅक्सीला जातील, तेव्हा बसची वेळ आधी, विमानाची नंतर.

मुक्काम

पणजीत बसस्थानकाजवळचा पाटो, चर्चजवळच्या गल्ल्या आणि अठरा जून रस्त्याच्या आसपासचा भाग, इथे साध्या खोल्या मिळतात. (हा अठरा जून म्हणजे १९४६चा, डॉ. लोहियांनी मडगावात सभा घेतली तो दिवस.) फोंतेन्यासमधली जुनी घरं दिसायला देखणी, दरही तसेच. एकटे-दुकटे असाल तर डॉर्मिटरीत खाट घ्या. खोली ठरवताना समुद्र किती जवळ हे विचारू नका, बसस्थानक पायी किती मिनिटांवर हे विचारा.

मराठी माणसाला आणखी एक वाट मोकळी आहे, ती बाहेरच्या पर्यटकांना ठाऊकच नसते: देवळांच्या अग्रशाळा. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी, सगळी फोंडा तालुक्यात, आणि या देवस्थानांकडे भक्तांसाठी खोल्या आहेत. ज्यांचं कुलदैवत गोव्यात त्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांनाही जागा असेल तर मिळते. देवस्थानच्या कार्यालयात आधी फोन करावा, ओळखपत्र न्यावं, कुळावी मंडळींना पहिला मान असतो हे समजून घ्यावं. उत्सवाच्या दिवसांत विचारूच नये. खोली साधी, रात्री दार लवकर बंद, मांसाहार-मद्य अर्थातच नाही. पण पहाटे चौघड्याने जाग येते, अंगणातल्या फुलवालीकडे अबोलीचे वळेसर असतात आणि दारातून पणजीची बस जाते. काही देवळांत दुपारी महाप्रसादही असतो, त्यासाठी सकाळीच कार्यालयात नाव द्यायचं. आजी-आजोबांना घेऊन येणाऱ्या कुटुंबाला मी डोळे झाकून हाच मुक्काम सुचवतो. मित्रांबरोबर रात्री उशिरापर्यंत नदीकाठी बसायचं असेल तर मात्र पणजीच बरी.

बसचं शास्त्र

पणजीच्या बसस्थानकावर तीन प्रकारच्या गाड्या असतात आणि गोंधळ इथेच होतो.

पहिली, कदंबची शटल. पणजी–मडगाव, पणजी–म्हापसा, पणजी–वास्को. मध्ये कुठे थांबत नाही. तिकीट गाडीत चढण्याआधी, खिडकीवर किंवा रांगेजवळ. रांग लांब दिसली तरी घाबरू नका, एक गाडी भरली की दुसरी लागते आणि रांग भराभर सरकते. सकाळी साडेआठ-नऊ आणि संध्याकाळी साडेपाच-साडेसहा ही नोकरदारांची वेळ, तेवढी टाळा.

दुसरी, खासगी बस. लहान, रंगीत, देवाचे फोटो आणि झेंडूचा हार लावलेली. ही हात दाखवाल तिथे थांबते. कंडक्टर दारात लटकून "पणजे, पणजे, पणजे" ओरडत असतो, आत आलात की "फुडे वच" म्हणून आणखी आत ढकलतो. जुनं गोवं, कळंगुट, फोंडा यांसाठी हीच सोयीची. उतरायचं गाव चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा, तो हमखास आठवण करतो. मराठीत बोलला तरी सगळं समजतं, कोकणीत उत्तर आलं तर तुम्हालाही समजेल. सुटे पैसे जवळ ठेवा. पाचशेची नोट काढणाऱ्याकडे कंडक्टर ज्या नजरेने बघतो ती टाळलेलीच बरी.

तिसरी, शहरात फिरणारी कदंबची इलेक्ट्रिक बस. बसस्थानकापासून चर्च, कांपाल, मिरामार, दोना पावला अशी जाते. दहा-वीस रुपयांचं काम, वर थंडगार.

बस नसेल तिथे पायलट. पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवर मागे बसवून नेणारा हा गोव्याचा खास प्रकार. एकट्या माणसाला टॅक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त. भाडं बसण्याआधी ठरवायचं, उतरताना नाही.

आणि दुचाकी भाड्याने घ्यायचीच असेल तर एखाद्याच दिवसापुरती घ्या आणि नंबरप्लेट बघा: काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर ती भाड्यासाठी नोंदवलेली. पांढऱ्या पाटीची गाडी शंभर रुपये स्वस्त मिळते आणि पुढच्या नाक्यावर पोलिसाच्या हातात सापडते. मांडवीवरच्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, तिने खालच्या जुन्या पुलांवरूनच जायचं. मोबाइलवरचा नकाशा हे दरवेळी सांगेलच असं नाही.

पहिला दिवस पायीच

पणजी इतकी लहान आहे की मुंबई-पुण्याच्या माणसाला हिला शहर म्हणायलाच संकोच वाटतो. इथे मात्र तो लहानपणा आपल्या खिशाच्या बाजूने आहे.

सकाळी आठच्या सुमारास बसस्थानकाजवळची ओरेंची खाडी ओलांडून फोंतेन्यासमध्ये शिरा. नऊनंतर ऊन आणि फोटोवाले दोन्ही वाढतात. पिवळ्या, निळ्या, विटकरी भिंती, पांढऱ्या कडा, दारावर टाइलवर रंगवलेलं घराचं नाव. गल्लीच्या टोकाला सेंट सेबेस्टियनचं लहान कपेल आहे. आतल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता, असं सांगतात. तिथून मळा नावाच्या वाड्यात फोंत फेनिक्सची झर आणि पायऱ्या चढून मारुतीचं देऊळ. वरून अख्खी कौलारू पणजी दिसते, तिकीट नाही.

फोंतेन्यासमध्ये एक पथ्य पाळा. ही घरं म्हणजे कुणाची तरी राहती घरं आहेत. पायरीवर बसून, खिडकीच्या गजाला धरून, कपडे बदलून फोटो काढणाऱ्यांनी इथले लोक कातावले आहेत. "फोटो काढू नये" अशी पाटी असेल तर पुढे चालायचं, आणि दारात कोणी उभं असेल तर आधी विचारायचं. विचारलं की बहुतेक जण हसून हो म्हणतात.

मग चर्च चौकात या. नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांचं हे चर्च सगळ्यांना चित्रांतून ओळखीचं असतं, पण वरची घंटा कुठून आली ते फारसं कुणी विचारत नाही. ती जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मठाची. १८३५ साली धार्मिक संघांना हाकललं, मठ ओस पडला, १८४२ साली त्याचं छत कोसळलं आणि १८७१मध्ये घंटा इथे चढली. उद्या जुन्या गोव्यात तो भग्न मनोरा बघाल तेव्हा हे आठवेल.

दुपारी एक वाजला की दुकानांची दारं ओढली जातात. जेवून पाटोवर संस्कृती भवनात कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसा. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था, आता बहुमजली इमारतीत, मराठी पुस्तकांचा मोठा साठा, सावली आणि शांतता. वाचनकक्षात बसायला पैसे पडत नाहीत. उन्हात रस्त्यावर वणवण करून थंड पेयांवर दोनशे रुपये घालवण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

ऊन उतरलं की आझाद मैदानाच्या कडेला मिनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत. कार्यालय बंद व्हायच्या आत पोचा, कारण बघण्यासारखं आहे ते प्रवेशदालनात: निळ्या-पांढऱ्या टाइलांची भिंतभर चित्रं, जॉर्ज कोलासो या चित्रकाराची, १९३५ सालची. पोर्तुगीज महाकवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. पाच मिनिटांत बघून निघता येतं, पण एकेका चौकटीतल्या जहाजांची शिडं नीट बघा, अर्धा तास सहज जातो. बाहेर पडून नदीकडे चाललात की आदिलशहाचा वाडा म्हणजे जुनं सचिवालय, आणि शेजारी आबे फारियाचा पुतळा. बाईवर हात पसरून उभा असलेला हा माणूस पाहून मुलं घाबरतात. तो संमोहनशास्त्राचा आद्य अभ्यासक, १७५६ साली कांदोळीत जन्मला.

पुढे नदीच्या कडेकडेने कांपाल, कला अकादमी आणि मिरामार. साधारण तासाभराची चाल, झाडांच्या सावलीतून. कला अकादमीची इमारत चार्ल्स कोरिया यांची. तिथे कार्यक्रमांचा फलक बघायला विसरू नका: मराठी नाट्यस्पर्धा, संगीत मैफली, कधी मोफत तर कधी नाममात्र दरात. गोव्यातलं एखादं मराठी दैनिक विकत घेतलं तर त्यातही आजचे कार्यक्रम मिळतात. मिरामारला भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आणि सूर्यास्त. पोहायला हा किनारा नाही, वाळूत बसायला आहे. परत येताना इलेक्ट्रिक बस. दोना पावलाच्या जेटीवर जायला आता तिकीट आहे; माझ्या मते मिरामारच्या संध्याकाळपुढे त्याची गरज नाही.

फेरीबोट

पणजीत संध्याकाळी कुणीतरी तुमच्या हातात नदीतल्या सफरीचं पत्रक देणारच. दिवे, गाणी, नाच, माणशी काहीशे रुपये. कॅसिनोच्या बोटींचा तर प्रवेशच हजारांत. तीच मांडवी, तोच सूर्यास्त, पलीकडच्या काठावरच्या बेती गावाच्या फेरीबोटीतून बघायला पायी माणसाला एक पैसाही लागत नाही.

आझाद मैदानापासून पाच-सात मिनिटांवर नदीकाठी धक्का आहे. बोट लागली की पुढचा लोखंडी फाळका साखळ्यांच्या खडखडाटात खाली येतो. आधी आतल्या दुचाक्या धूर सोडत बाहेर पडतात, मग माणसं, मग आपण आत. गाड्या चढेपर्यंत बाजूच्या कठड्याकडे सरका, मधोमध उभं राहू नका. उजवीकडे मांडवीचे पूल, डावीकडे नदीचं मुख, आजूबाजूला बाजाराच्या पिशव्या घेऊन घरी निघालेली माणसं. पाच-सात मिनिटांत पलीकडे. उतरा, बेतीच्या नाक्यावर चहा प्या, पुढच्या बोटीने परत या.

सकाळी गेलात तर याच बाजूने रेईश मागूशचा किल्ला होतो. बेतीहून वेऱ्याच्या दिशेने कांदोळीची बस मिळते, शेवटचा चढ पायी. सोळाव्या शतकातला हा किल्ला १९९३पर्यंत तुरुंग होता, डागडुजीनंतर २०१२मध्ये लोकांसाठी उघडला. आत मारियो मिरांडा यांच्या चित्रांचं दालन आहे. तिकीट किरकोळ, सोमवारी बंद. आग्वादच्या किल्ल्यावर जी गर्दी असते तिचा इथे मागमूस नसतो.

स्वतःच्या गाडीने आला असाल तर गाडी बेतीच्या बाजूला नीट जागा बघून लावून पायी फेरीने पणजीत येणंही परवडतं. शहरात पार्किंग शोधण्यात जाणारा तास वाचतो.

एका बसच्या वाटेवर: जुनं गोवं, मंगेशी, म्हार्दोळ

दुसरा दिवस फोंड्याच्या बसला द्या. रायबंदरच्या बांधावरून ही बस निघते. १६३०च्या दशकात बांधलेला हा तीन किलोमीटरचा दगडी रस्ता, एका बाजूला मिठागरं. वीस-पंचवीस मिनिटांत जुनं गोवं. बॉम जेझूची बॅसिलिका, समोर से कॅथेड्रल, मागे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय (शुक्रवारी बंद, बाकी सगळं बिनतिकीट), आणि टेकाडावर सेंट ऑगस्टीनचा तो मनोरा. बहुतेक लोक बॉम जेझू बघून निघून जातात. मनोऱ्यापर्यंत दहा मिनिटं चाला. खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, पुढे देवळांतही ते लागतातच.

परत त्याच रस्त्यावर उभं राहून फोंड्याची पुढची बस पकडा. बाणस्तारीचा पूल ओलांडला की अंत्रुज महाल म्हणजे फोंड्याचा परिसर. सोळाव्या शतकात तिसवाडी-साष्टीत देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी रातोरात देव नदीपार आणले, कारण इकडे पोर्तुगीजांची सत्ता नव्हती: मंगेश कुठ्ठाळीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून. सकाळी ज्या सत्तेची चर्चं पाहिलीत, तिच्यामुळेच दुपारची देवळं आज आहेत तिथे आहेत. हे सगळं एकाच बसमार्गावर, दिवसभराच्या तिकिटांना माणशी शंभर रुपयेही पुरतात. मंगेशीला उतरा, तिथून म्हार्दोळ चालण्याच्या अंतरावर. म्हार्दोळला म्हाळसेची जाई घ्या, वासाने बस भरून जाईल. हीच सहल टॅक्सीने केली तर दोन-अडीच हजार कुठे गेले नाहीत.

खाणं

सकाळ भाजीपावाची. इथे भाजीपाव म्हणजे तव्यावर लोणी सोडलेली मुंबईची पावभाजी नव्हे. पातळ भाजी म्हणजे कडधान्याचा नारळ घातलेला रस्सा, सुकी भाजी बटाट्याची, आणि "मिक्स" म्हटलं की दोन्ही एका बशीत. पाव, उंडो किंवा पोळी (इथे पोळी म्हणजे कोंड्याचा पाव) यांपैकी काय ते सांगायचं, बरोबर मिरचीचं भजं आणि चहा. गोड चालत असेल तर केळं घातलेला बन. कॅफे ताटो आणि कॅफे भोसले ही पणजीतली जुनी नावं, सकाळी टेबल दुसऱ्या कुणाबरोबर वाटून घ्यावं लागतं, संकोच करू नका. पन्नास-साठ रुपयांत माणूस अकरापर्यंत शांत राहतो.

दुपारी थाळी. फिश थाळीत भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर, एखादी तिसऱ्यांची सुकी भाजी, तळलेल्या माशाचा तुकडा आणि सोलकढी. साध्या खाणावळीत हे दीडशे-दोनशे रुपयांच्या आसपास बसतं. थाळीबरोबरचा मासा बांगडा किंवा तत्सम असतो. "सुरमई द्या" म्हटलं की तो वेगळा आकडा, तेव्हा ऑर्डर देण्याआधी विचारा. एकतीस जानेवारी रस्त्यावरचं आनंदाश्रम या बाबतीत जुनं आणि चोख. साडेबारापूर्वी पोचा, मासा ताजा आणि रांग लहान. शाकाहारी मंडळींनी तोणाक (वाटपाची उसळ) आणि मिळालं तर खतखतें (मिश्र भाज्यांचा रस्सा) सोडू नये.

संध्याकाळी सातच्या पुढे रस्त्याकडेचे गाडे लागतात. रोस ऑम्लेट म्हणजे ऑम्लेटवर कोंबडीच्या शाकुतीचा गरम रस्सा, वर कांदा-लिंबू, बाजूला पाव. दोघांत एक आणि जादा पाव घेतले तर रात्रीचं जेवण झालं. चौरिस पाव म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजचा पाव, तोही तिथेच. तिखट-आंबट आहे, पहिल्यांदा खाणाऱ्याने अर्धाच घ्यावा.

मुक्कामाच्या गल्लीत पहाटे किंवा संध्याकाळी पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंगा ऐकू आला तर खाली धावा. सायकलच्या टोपलीतली गरम काकणां (बांगडीसारखे कडक पाव) आणि पोळ्या काही रुपयांत मिळतात, आणि बसच्या प्रवासात तीच उपयोगी पडतात.

दारू गोव्यात स्वस्त हे खरं. मार्च ते मे हुर्राकचा म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचा हंगाम, दुपारच्या उन्हात ती जपून. किनाऱ्यावर उघड्यावर प्यायला बंदी आहे आणि दंड त्या बाटलीच्या कितीतरी पट.

किनारा हवाच असेल तर

करंझाळ्याचा किनारा मिरामारच्या पुढेच, शांत आणि शहरी बसने पोचण्यासारखा. कळंगुट बघितल्याशिवाय मुलं ऐकणार नसतील तर सकाळी नऊची खासगी बस पकडा, दुपारी जेवायला पणजीत परत या. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसलात की आरामखुर्चीचं भाडं, पाणी, बटाट्याचे चिप्स असं करत हजार रुपये जातात. पाण्याची बाटली आणि पंचा घेऊन गेलात तर बसच्या तिकिटावरच भागतं.

खरेदी आणि परतीचा दिवस

शुक्रवार हाताशी असेल तर म्हापशाचा बाजार, पणजीहून शटलने तेरा किलोमीटर. सकाळी दहाच्या आत जा. माडाचा गूळ, भिंडाची म्हणजे कोकमाची सोलं, खोल्याची मिरची, मयड्याची जाडजूड केळी, हंगामात मानकुराद आंबा. बाजारात जमिनीवर बसलेल्या बायकांकडे घासाघीस थोडीच करा, त्यांचा माल परसातला असतो. काजू मात्र पर्यटकांच्या दुकानातून घेऊ नका. गोवा बागायतदार संस्थेच्या दुकानात दर छापील आणि माल खात्रीचा, पणजी, म्हापसा, फोंडा सगळीकडे त्यांच्या शाखा आहेत.

दोघांचा दिवसाचा हिशेब साधारण असा बसतो: खोली बाराशे-पंधराशे, खाणं आठशे, बस दोनशे, तिकिटं आणि किरकोळ दीडशे. साडेतेवीसशे ते साडेसव्वीसशे. अग्रशाळेत राहिलात तर याहून पुष्कळ कमी.

परतीची कोकणकन्या मडगावहून संध्याकाळी सुटते, म्हणजे शेवटचा दिवस जवळजवळ पूर्ण हातात असतो. सामान मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून द्यायला बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. पण पणजी–मडगाव रस्त्यावर बांबोळीपाशी संध्याकाळी वाहनांची रांग लागते, तेव्हा शटल चारच्या आतली धरा. थिवीहून बसणार असाल तर पर्वरीच्या कोंडीसाठी तेवढीच सवड ठेवा आणि म्हापशाहून स्टेशनाकडे जाणाऱ्या बसची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्या. ती चुकली तर पायलट, आणि त्याचं भाडं बसण्याआधी.